खरी की चालणारी?

मामा निवृत्त होऊन १२ वर्षं झाली, तरी हातात नोट आली की त्यांचा अंगठा आपसूक तिच्या काठावरून फिरतो. बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मीअधिक कॅश काउंटरवर. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं जुनं घर भावाभावांत वाटलं गेलं, तेव्हा ते आणि मामी नवा रायपूरला, सेक्टर २९ मध्ये राहायला आले. इथे रस्ते इतके रुंद आणि माणसं इतकी तुरळक, की संध्याकाळी गॅलरीत बसलं तर लांबून येणाऱ्या एकट्या स्कूटरचा आवाज ती वळेपर्यंत ऐकू येतो.

माझी धाकटी बहीण मेलबर्नला असते. शिकत असताना ती तिथल्या एका सुपरमार्केटात गल्ल्यावर बसायची. डिसेंबरात ती मामांकडे आली, मी नागपूरहून तिला भेटायला गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी मामा-भाचीत जुंपली. निमित्त झालं पाच ऑस्ट्रेलियन डॉलरच्या नोटेचं. धाकटीने ती पर्समधून काढून मामांच्या हातात दिली, मामांनी सवयीने अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं. दोघंही कधीकाळचे कॅशियर, त्यामुळे वाद ऐकण्यासारखा झाला.

मामा: ही नोट? मला वाटलं दुधाच्या पिशवीचा तुकडा दिलास.

धाकटी: दुधाची पिशवी चुरगळली की चुरगळलेलीच राहते. ही मुठीत आवळा आणि सोडा.

मामांनी आवळली, सोडली. नोट हळूहळू उलगडत सरळ झाली.

धाकटी: झाली पहिली परीक्षा. कागदावर छापलेली नकली नोट इथेच पडते. आता काठ फाडायला बघा. सहज फाटत नाही. मग ही खिडकी, वरपासून खालपर्यंत आरपार. नोट तिरकी करा. पक्षी पंख हलवतोय ना? आणि या इमारतीतला ५ चा आकडा बघा, दिशा बदलतो. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवा. जोड लागतो का? लागता कामा नये. खिडकी नोटेच्याच अंगात असते, वरून चिकटवलेली नसते.

मामा: छान आहे. आमच्या लहानपणी जत्रेत डोळा मिचकावणाऱ्या बाईचं चित्र मिळायचं, त्याची आठवण झाली.

धाकटी: चेष्टा करा. पण हे सगळं बघायला मला तीन सेकंद लागायचे. आता तुमची नोट काढा.

मामा याचीच वाट बघत असावेत. त्यांनी पाकिटातून ५०० ची नोट काढली आणि उठून दिव्याखाली गेले.

मामा: हे बघ, कोऱ्या जागेत गांधीजी आणि शेजारी ५०० चा आकडा. हे छापलेलं नाही. कागद तयार होतानाच लगद्याची जाडी कमीजास्त करून उमटवतात. म्हणजे कागद छापखान्यात पोचतो तेव्हा गांधीजी आधीपासून आत बसलेले असतात. ही तार. तिच्यावर ‘भारत’ आणि ‘आरबीआय’. नोट हलवली की हिरव्याची निळी होते. खाली उजवीकडचा ५०० सुद्धा तसाच हिरव्याचा निळा. इथला हा अर्धवट ५०० उजेडापुढे धरला की पुरा होतो, कारण अर्धा पुढे छापलाय आणि अर्धा मागे. नंबरातले आकडे लहानापासून मोठे होत जातात. आणि दोन्ही काठांवर हाताला लागणाऱ्या तिरक्या रेघा. पाचशेला पाच, शंभराला चार.

धाकटी: दादा, किती वेळ झाला?

मी घड्याळ बघतच होतो. पाऊण मिनिट.

धाकटी: पाऊण मिनिटात माझ्या रांगेतली दोन गिऱ्हाइकं निघून जायची.

मामा: अगं, काउंटरवर हे सगळं करत कोण बसतं? शंभर नोटांचं पॅकेट असायचं. बोट स्पंजच्या डबीत ओलं करायचं आणि सोडायचं. खोटी आली की बोट अडायचं. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागायची. आपल्या नोटेचा कागद लाकडाचा नाही, कापसाचा असतो. त्याला स्वतःची कुरकुर असते. कोरी नोट हवेत झटकली तरी कान सांगतो. तुझी ही प्लास्टिकची मुकी आहे.

धाकटी: कोरी असताना ना! मग ही बघा. सकाळी रिक्षावाल्याने परत दिली.

तिने २० ची नोट पुढे केली. मागच्या बाजूला वेरूळची लेणी असायला हवीत. घडीवर रंग उडून लेण्यांची मधोमध दोन शकलं झाली होती, काठ भाकरीसारखे मऊ पडले होते आणि कुरकुरीचं नावही नव्हतं.

धाकटी: हिच्यात तुमचा अंगठा काय वाचणार? कागदाला घाम लागतो, हळद लागते, तेल लागतं. खूण छापायची आणि मग ती पुसली जाऊ द्यायची, ही कसली सुरक्षा? प्लास्टिक पाणी पीत नाही. बँक ऑफ इंग्लंडने २०१६ मध्ये पाच पौंडांची नोट प्लास्टिकवर आणली, तेव्हा ती कागदापेक्षा अडीचपट टिकेल असा अंदाज होता. आणि नोटा छापायला आपल्याकडे किती खर्च होतो?

मामा: २०२४-२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ६,३७३ कोटी रुपये गेले. हे आकडे मी अजून वाचतो. पण एक सांग, तुझ्या ऑस्ट्रेलियाला प्लास्टिक सुचलं कशामुळे? टिकाऊपणासाठी?

धाकटी: नाही. नकली नोटांमुळे. १९६६ च्या फेब्रुवारीत त्यांनी पौंड सोडून डॉलर आणला आणि वर्ष संपायच्या आत दहा डॉलरच्या खोट्या नोटा बाजारात. तेव्हा मध्यवर्ती बँकेने सरकारी शास्त्रज्ञांना गाठलं. पहिली प्लास्टिकची नोट आली १९८८ मध्ये. कागदावर जे करता येत नाही ते करायचं, म्हणून आरपार खिडकी. झेरॉक्स मशीन सगळ्याची नक्कल करेल, पारदर्शकपणाची कशी करणार?

मामा: २२ वर्षं लागली म्हणजे. आणि आपण काही बघितलंच नाही असं समजू नकोस. २०१४ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं होतं की दहा रुपयांच्या १०० कोटी प्लास्टिकच्या नोटा पाच शहरांत चालवून बघणार. कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला, भुवनेश्वर. हवामान वेगवेगळं म्हणून ही पाच. मी तेव्हा म्हटलं होतं, रायपूर घ्या. मे महिन्यात ४५ अंशांची भट्टी आणि जुलैत भिंतीला बुरशी, एकाच गावात दोन्ही परीक्षा झाल्या असत्या.

धाकटी: मग झालं काय?

मामा: काही नाही. २०१७ मध्ये पुन्हा तेच सांगितलं, पण नोट बाजारात आलीच नाही. पुढे वार्निश लावलेल्या शंभराच्या नोटेचा विषय निघाला. आणि प्लास्टिक घेऊन परत फिरलेले देश आहेत. नायजेरियाने २००७ पासून आणली आणि काही वर्षांत कागदाकडे परतायचं ठरवलं. नेपाळने २००२ मध्ये दहाची काढली होती, तिथेही पुढे कागदच आला. आपल्याकडे माणूस नोटेची चार घड्यांची पुडी करून कनवटीला खोचतो, प्लास्टिक घडी धरत नाही. चुलीजवळच्या डब्यात ठेवली आणि आकसली तर?

मामी (आतून): आणि त्या इंग्लंडच्या नोटेत चरबी निघाली होती ना? देवापुढच्या ताटात ठेवायची होय ती?

धाकटी: किंचित अंश होता, मामी. प्लास्टिकचे दाणे बनवताना वापरतात त्यातला. पण तिथल्या हिंदूंनी आणि शाकाहारी लोकांनी आवाज उठवला, हे खरं आहे.

मामींनी “मग!” एवढंच म्हटलं आणि मिक्सर लावला. तो थांबेपर्यंत मामा चष्मा पुसत बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं ते टाळत आहेत.

मामा: तू खिडकी खिडकी करतेस, पण खिडकी डोळस माणसालाच. आंधळ्याने काय करायचं? कागदाला निदान उठाव असतो.

धाकटी: लावा परीक्षा. डोळे मिटा.

तिने मामांच्या हातात एकेक नोट ठेवली. कोरी ५०० त्यांनी रेघांवरून ओळखली. मग तिने माझ्या खिशातल्या दोन जुन्या नोटा दिल्या, एक शंभराची, एक दोनशेची. मामांचा अंगठा काठावरून गेला, परत आला, पुन्हा गेला. रेघा झिजल्या होत्या. त्यांनी दोन्ही नोटा एकमेकींवर ठेवून लांबी मापायला सुरुवात केली. शंभराची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक बोटाने काढायचा आणि तोही दुमडलेल्या काठावर. त्यांनी सांगितलेलं उत्तर चुकलं.

धाकटी: आता माझ्या या दोन.

पाच डॉलरच्या नोटेच्या दोन्ही लांब कडांना एकेक उंचवटा असतो, दहाच्या नोटेला दोन-दोन. शिवाय लांबीत सात मिलिमीटरचा फरक. मामांनी दोन्ही बरोबर सांगितल्या.

मामा: (डोळे उघडून) ही गोष्ट मानली.

धाकटी: हे उंचवटे २०१६ च्या मालिकेत आले. एका अंध मुलाला नाताळात मिळालेले पैसे किती हे स्वतःचं स्वतःला कळेना, त्याने मागणी लावून धरली.

मामा: आपल्याकडेही अंधांची संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने फोनवरचं ‘मनी’ ॲप काढलं, ते नोट बघून किती रुपयांची ते बोलून दाखवतं. पण खरी की खोटी, ते सांगत नाही.

धाकटी: म्हणजे पुन्हा लोकांनी खुणा शिकायला हव्यात.

मामा: लोकांना खुणा माहीत नाहीत असं कोण म्हणतं? नको तितक्या माहीत आहेत! २०१६ ला दोन हजारांची नोट आली, तर म्हणे तिच्यात चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी सरकारला कळतं. मग आलं की पाचशेच्या नोटेतली हिरवी तार गांधीजींच्या जवळ असेल तर नोट खोटी. सरकारला खुलासा करावा लागला की दोन्ही खऱ्या. २०२३ मध्ये नंबरात चांदणी असलेल्या नोटांवर संशय. अगं, शंभर नोटांच्या पॅकेटातली एखादी छपाईत बिघडली की तिच्या जागी चांदणीची घालतात, बाकी काही नाही. आणि दहाचं नाणं! चौदा प्रकारची नाणी आहेत, सगळी खरी, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं. तरी दुकानदार म्हणतो, “ये यहाँ नहीं चलता.”

धाकटी: हे तर उलटंच झालं. खोटं पकडण्यासाठी खुणा, आणि त्या खुणांनी खरंच परत जातंय.

मामा: कारण बाजार वेगळाच प्रश्न विचारतो. बँक विचारते, नोट खरी आहे का? बाजार विचारतो, चालेल का? आपल्या भाषेत पैशाला चलन म्हणतात ते उगाच नाही.

इथे मामा जरा थांबले. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली नव्हती. धानाचे पैसे आले की आसपासच्या गावांतले शेतकरी भरणा करायला यायचे. असाच एक म्हातारा २० हजार घेऊन आला. मोजताना मामांचं बोट अडलं. एक पाचशेची खोटी होती. नियम साधा आहे. नोट परत द्यायची नाही, तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारायचा, नोंद करायची, आणणाऱ्याला पावती द्यायची. एका भरण्यात चारपर्यंत निघाल्या तर महिनाअखेरीच्या अहवालातून पोलिसांना कळवायचं, पाच किंवा जास्त निघाल्या तर गुन्हा नोंदवायचा. पैसे कोणीच भरून देत नाही.

मामा: मी शिक्का मारला. त्याने भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, “साहेब, मला दिली तेव्हा तर ती पाचशेची होती. तुमच्या टेबलावर येऊन खोटी कशी झाली?”

धाकटी: तुम्ही काय म्हणालात?

मामा: काय म्हणणार? पावती दिली. पण ते डोक्यात राहिलं. तू मघापासून विचारते आहेस ना, कुणाची नोट तपासायला सोपी? मला त्या दिवशी कळलं होतं, फक्त कधी बोललो नाही. माझा अंगठा शहाणा आहे कारण त्याच्याखालून लाखो नोटा गेल्या. त्या म्हाताऱ्याच्या हातात पाचशेची गड्डी वर्षातून एकदा यायची. त्याला तो स्पर्श शिकवणार कोण? ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला नोटेची ओळख कमी. आणि नुकसान त्याचंच, कारण फिरत फिरत ती ज्याच्या हातात पकडली गेली, तो शेवटचा.

धाकटी: मग खिडकी त्याला उपयोगी पडली असती.

मामा: पडली असती? खिडकी आहे एवढंच त्याने बघितलं असतं. आत पक्षी कुठला, पंख हलवतो का, हे त्याला कोण सांगणार होतं? नकली करणाऱ्यालाही आता प्लास्टिक मिळतंच की.

धाकटी: मिळतं. तिथेही नकली निघतात, प्लास्टिकवर छापलेल्याही. आणि खरं सांगू? गर्दीच्या वेळी तीन सेकंदसुद्धा मी देत नव्हते. पन्नासची आणि शंभराची तेवढी बघायची. बाकी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं.

दोघंही गप्प झाले. मामींनी पिशवी आणून पुढ्यात ठेवली. जवळच्या गावचा आठवडी बाजार होता आणि वांगी संपली होती.

बाजारात पोचलो तेव्हा अंधार पडत होता. छत्तीसगडात भाजीवाल्या जमिनीवर पोतं अंथरून भाजी मांडतात, त्याला पसरा म्हणतात. ज्या पसऱ्यावर आम्ही थांबलो तिथली बाई मामांना ओळखत होती. तिच्या टोपलीला एक बॅटरीवरचा दिवा लटकवला होता आणि बांबूच्या काठीला, फोनवरून पैसे आले की बोलणारा डबा. पण मामांचा फोन घरी राहिला होता, धाकटीच्या फोनवर इथलं खातं नव्हतं, आणि माझ्या फोनला तिथे रेंज मिळेना.

वांगी, टोमॅटो, लाल भाजी, हिरवी मिरची, सगळे ९० रुपये झाले. मामांनी पाकिटातून शंभराची काढून दिली. मऊ पडलेली, घडीत चिरलेली, मागून सेलोटेप लावलेली. बाईने दिव्याखाली धरली, उलटी केली, टेपवरून बोट फिरवलं आणि परत दिली.

“ये नइ चलय, बबा.”

मामांमधला कॅशियर जागा झाला. त्यांनी खाली बसून तिला नोटेतले गांधीजी दाखवले, तार दाखवली, काठावरच्या चार रेघांपैकी उरलेल्या दोन दाखवल्या. ती हसायला लागली. नोट खरी आहे यात तिला शंकाच नव्हती. पण पहाटे तिला ठोक बाजारात जायचं होतं, तिथला दलाल टेप लावलेली नोट घेत नाही, आणि एका शंभरासाठी कामाचा दिवस मोडून बँकेच्या रांगेत उभं राहणं तिला परवडणारं नव्हतं.

मग धाकटीने पर्समधून पाचशेची काढली. एटीएममधून आलेली, कोरी करकरीत. बाईने ती घेतली, आडवी घडी घातली आणि कमरेच्या बटव्यात सरकवली. दिव्याकडे नेली नाही, काठावरून बोट फिरवलं नाही. सुट्टे मात्र दोनदा मोजून दिले.

मामा अजून खालीच बसले होते. “अगं बाई,” ते हिंदीत म्हणाले, “ही मोठी नोट. हिला तरी बघून घे.” बाईने बटवा उघडला, नोट काढली आणि मामांकडे बघत दिव्यापुढे धरली. मामांनी तिचा हात मनगटाशी धरून जरासा तिरका केला. तार हिरव्याची निळी झाली. तिने पुन्हा सरळ केली, पुन्हा तिरकी केली. शेजारच्या पसऱ्यावरची मुलगी उठून बघायला आली. मग तिनेही आपल्या पिशवीतली एक पाचशेची काढली आणि त्याच दिव्यापुढे हलवून बघितली.

परत येताना धाकटी म्हणाली, “एवढं मात्र कबूल करा, ती शंभराची प्लास्टिकची असती तर परत आली नसती.”

“नसती आली,” मामा म्हणाले. “आणि तुझी पाचशेची प्लास्टिकची असती, तरी तिने न बघताच बटव्यात घातली असती.”

त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून आम्ही बरंच अंतर न बोलता चाललो. मामांनी खिशातून ती टेप लावलेली शंभराची पुन्हा काढली, दोन बोटांनी घडी सरळ केली आणि पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली. सोमवारी बँकेत जाऊन बदलून आणणार म्हणाले. फाटक्या नोटा कुठल्याही शाखेत बदलून मिळतात, हे त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं.

“बँकेत चालेल ती?” धाकटीने विचारलं.

“बँकेत चालायचा प्रश्न येत नाही,” मामा म्हणाले. “तिथे ती खरी आहे.”